टाकीपलीकडचा वर्षावास

[दृश्य: पाण्याची टाकी, चिखलाची वाट, हातात पात्र घेतलेले भन्तेजी]

अमरावती जिल्हा, तिवसा तालुका. आषाढ लागला की इथली काळी माती चपलेला सोडत नाही. भन्तेजी मात्र अनवाणीच चालतात. भिक्षेला जाताना पायात काही घालायचं नाही, असा नियम आहे. या चिखलात तो सोयीचाच म्हणायचा.

पावसाळ्यात भिक्खूनं एका जागी मुक्काम करायचा, हाही नियमच. तो आला लोकांच्या तक्रारीवरून. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, नोंद आहे: हे भिक्खू भर पावसात हिंडतात, कोवळं पीक तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी ओरड झाली आणि बुद्धांनी वर्षावास घालून दिला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. मुळात पिकं वाचवणारी ही गोष्ट. पेरणी करून बसलेल्या गावाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

[दृश्य: विहार, ट्यूबलाइट, सतरंजीवर बसलेल्या बाया, समोर उघडा ग्रंथ]

विदर्भातल्या विहारांत या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. हा ग्रंथ छापून आला 1957 साली, तेव्हा बाबासाहेब नव्हते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. कोणी मध्येच लेकराला दटावतं. मग भन्तेजी वाचलेल्या भागावर बोलतात. ते भंडाऱ्याकडचे, वय बत्तीस. आयटीआय झालेले आहेत. विहाराचा पंखा त्यांनीच दुरुस्त केला.

आता मागच्या भिंतीकडे बघा. प्लास्टिकच्या खुर्चीवर भगव्या टोपीतले एक आजोबा बसलेत. गाव त्यांना आबाजी म्हणतं. वय शहात्तर, साडेचार एकर कपाशी आणि सोयाबीन. ते टाकीच्या अलीकडचे. विहार पलीकडे, बौद्ध वस्तीत.

[दृश्य: प्रार्थना मंदिर, खंजिरी, आबाजींची बोटं]

ही टोपी गुरुदेव सेवा मंडळाची. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम मोझरीचा, म्हणजे याच तालुक्यातला. त्यामुळे इथं सामुदायिक प्रार्थना घराघरांत मुरलेली आहे, आणि आबाजी त्या प्रार्थनेत वाढले. त्यांची खंजिरी पाहत राहावी अशी. अंगठा कडेला, बाकी चार बोटं कातड्यावर, आणि मान अजिबात हलत नाही. महाराज 1955 साली जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते, हे आबाजी ओळख झाल्या झाल्या सांगतात. ‘बुद्धाच्या देशात आमचे महाराज पहिलेच जाऊन आले,’ असा त्यांचा सूर.

मग हा माणूस टाकी ओलांडून आला कसा?

याची मुळं बरीच मागं आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी कुशिनाराच्या भदन्त चंद्रमणी महाथेरांकडून दीक्षा घेतली. त्यानंतर त्यांनी स्वतः लाखो लोकांना त्रिशरण-पंचशील आणि 22 प्रतिज्ञा दिल्या. आबाजी तेव्हा सात वर्षांचे. त्यांच्या वडिलांकडे एक सालदार होता. त्यानं नागपूरला जायला सुट्टी मागितली, मिळाली नाही, तरी तो गेला. परत आला आणि देवघरातले देव टोपल्यात घालून नाल्यात सोडून आला.

[आबाजी, थेट आवाज: “म्या पाह्यलं नं. मले वाटलं आता याच्यावर काही कोप होते. म्या रोज त्याच्या घराकडं पाहो. काहीच नाही झालं. उलट त्यानं पोरगं शाळेत टाकलं.”]

ही आठवण त्यांनी जवळजवळ सत्तर वर्षं सांभाळली. गेल्या वर्षी त्यांची बायको वारली. तूर विकून तेरवी घातली, सगळा गाव जेवला. या आषाढात ते पहिल्यांदा विहारात आले ते एकच प्रश्न घेऊन: आत्मा नाही म्हणता, मग तेरवी कोणाची?

भन्तेजींनी प्रवचन दिलं नाही. विचारलं, “आबाजी, जेवलं कोण?”

“गाव.”

“मग ती गावाची झाली.”

आबाजी हसले. त्या दिवसापासून सकाळी प्रार्थना मंदिर आणि संध्याकाळी विहार, असा त्यांचा क्रम सुरू झाला. वंदना चालू असताना टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात, संपली की पुन्हा डोक्यावर. ती काढा असं कोणी म्हटलेलं नाही.

[दृश्य: स्टीलचा डबा, त्यावर ठेवलेला मोबाइल]

भोजनदानाची पाळी त्यांनी मागून घेतली. भिक्खूचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हावं लागतं, म्हणून डब्याच्या झाकणावर मोबाइल ठेवून ते घड्याळ बघत येतात. डब्यात तरोट्याची भाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. डबा खाली ठेवला की नातवाच्या वयाच्या माणसापुढं वाकतात. पहिले काही दिवस भन्तेजी अवघडून जायचे, असं ते स्वतःच सांगतात. नमस्कार चीवराला, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राला असतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण समोर शहात्तर वर्षांचे गुडघे वाकतात, तेव्हा नियम आठवावा लागतो.

पाली परंपरेत राध नावाच्या म्हाताऱ्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याला कोणी संघात घेईना. याचे काही उपकार कोणाला आठवतात का, असं बुद्धांनी विचारलं. सारिपुत्त म्हणाले, यानं मला एकदा पळीभर भात वाढला होता. आणि त्या पळीभर भातावर सारिपुत्तांनी त्याला आपला शिष्य केलं.

इथं मात्र घाई आमच्याच काही कार्यकर्त्यांना झाली होती. टाकीअलीकडचा माणूस येतोय म्हणजे हार आणा, बॅनर छापा, दीक्षेचा फोटो काढा. भन्तेजींनी साफ नाही म्हटलं. धम्म एका वस्तीचा नाही, हे बॅनर लावून सिद्ध होत नसतं. ते आबाजींना एवढंच म्हणाले की पाच शीलं महिनाभर पाळून बघा, मग बोलू.

[दृश्य: कपाशीचं शेत, कामगंध सापळा]

आबाजी पहिल्याच शीलावर अडले. जीवहत्या करायची नाही, आणि कपाशीवर बोंडअळी. फवारणी केली तर? भन्तेजींनी सोपी पळवाट दिली नाही. बुद्धांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटलंय; आणि फवारणीचा हेतू तर उघड आहे. त्यांनी सुचवलं, आधी निंबोळी अर्क मारा, कामगंध सापळे लावा, विषारी औषध अगदी शेवटी. हेक्टरी 5 सापळे लागले. मादीच्या वासाला भुलून नर पतंग आत येतो आणि अडकतो.

[आबाजी, थेट आवाज: “म्हंजे पहिले त्याले फसवायचं अन् मंग मारायचं. पहिलं शील तं गेलंच, चौथंही गेलं!”]

चौथं शील खोटं न बोलण्याचं. भन्तेजी इतके हसले की कॅमेरा बंद करावा लागला.

मोठा मुलगा पोळ्यापासून आबाजींशी बोलत नाही. प्रार्थना मंदिरातली खंजिरी आता दुसऱ्याच्या हातात असते.

[दृश्य: आश्विन पौर्णिमा, चीवरदान, खीर, “साधू, साधू, साधू”]

वर्षावासाची सांगता झाली. आबाजींनी दीक्षा घेतलेली नाही. भन्तेजी दुसऱ्या दिवशी एसटीनं निघाले, तेव्हा सगळी वस्ती थांब्यावर होती. आबाजी नव्हते. त्यांच्या सोयाबीनवर हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, आला होता, आणि पाऊस दाटलेला असताना हडंबा सोडून कोणी कुठं जात नाही.

[दृश्य: एसटीच्या खिडकीशी भन्तेजी, कानाला फोन]

बस तिवशाला पोहोचायच्या आत आबाजींचा फोन आला. सोयाबीनच्या गंजीत उंदराची पिल्लं निघाली होती आणि मजूर खोळंबले होते. भन्तेजी म्हणाले, “आधी हडंबा थांबवा, आबाजी.”