फ्रेंच कशासाठी, ते आधी एका वाक्यात लिहा

चाळिशीतल्या माणसाला विचारलं, फ्रेंच कशासाठी शिकायचीय, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आवड आहे.’ आवड हवीच. पण नुसत्या आवडीवर दोन-तीन महिने निघतात. मग क्रियापदांची रूपं अंगावर येतात, घरात कुणाचं लग्न निघतं, आणि वही कपाटात जाते. कारण नेमकं असलं की ती वही टेबलावरच राहते, कारण आज काय शिकायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं हे त्या कारणावरूनच ठरतं. शाळेतल्या मुलाला अभ्यासक्रम तयार मिळतो. मोठ्या माणसाला तो स्वतःच्या गरजेतून काढावा लागतो.

म्हणून कारण एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात माणूस, जागा आणि महिना आला पाहिजे. ‘डिसेंबरात वेरूळला येणाऱ्या फ्रेंच पाहुण्यांना कैलास लेणं चाळीस मिनिटं दाखवायचं’ हे कारण झालं. ‘मे महिन्यात माँट्रियालला नातवाच्या शाळेत जाऊन त्याच्या बाईंशी बोलायचं’ हेही कारण झालं. ‘फ्रेंच फार गोड भाषा आहे’ हे मत आहे, त्यातून उद्याचा अभ्यास निघत नाही.

लेण्यांचंच घेऊ. अजिंठा आणि वेरूळ दोन्ही 1983 साली युनेस्कोच्या यादीत आली. छत्रपती संभाजीनगरात राहून हे काम करायचं असेल तर सुरुवातीला शंभर-दीडशे शब्द पुरतात, पण ते पाठ्यपुस्तकातले पहिले शंभर नव्हेत. विमानतळ आणि हॉटेलातली ऑर्डर मागे ठेवा. लेणं, खांब, छत, पायरी, छिन्नी, शतक, वरून खाली, डावीकडे, जपून, इथे चपला काढा : हे आधी. वेरूळची 34 लेणी सांगताना 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन, म्हणजे 34 पर्यंतचे आकडे सहज तोंडात हवेत. शतकांसाठी क्रमवाचक संख्या लागतात : कैलास आठव्या शतकातलं, म्हणजे ‘हुईत्येम स्येक्ल’. आणि साल सांगायचं तर मोठे आकडे आलेच. गाडी अडते ती तिथे.

फ्रेंचमध्ये 69 पर्यंत सगळं सरळ आहे. 70 म्हणजे ‘साठ-दहा’, 72 म्हणजे ‘साठ-बारा’, 80 म्हणजे ‘चार-वीस’, 95 म्हणजे ‘चार-वीस-पंधरा’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे गोंधळतो. आपल्याला गोंधळायचं कारण नाही. आठवडी बाजारातल्या म्हाताऱ्या बाया शेळ्या मोजायच्या त्या विसांनीच : तीन विसा, चार विसा, वर पंधरा. 80 आणि 90 च्या घरांत फ्रेंच माणूस विसांनीच मोजतो. ऐकताना मात्र सापळा आहे. फ्रान्समधला फोन नंबर दहा आकडी असतो आणि दोन-दोन आकड्यांच्या जोडीनं सांगतात. ‘सुआसाँत’ कानावर पडलं की हात 60 लिहून मोकळा होतो, मागोमाग ‘दूज़’ येतं, आणि माणूस 60, 12 अशा दोन जोड्या लिहितो. होता तो 72. यावर उपाय असा : जोडी पूर्ण होईपर्यंत पेन टेकवायचं नाही. रोज दहा फोन नंबर रेकॉर्डिंगवरून ऐकून लिहा, तीन आठवडे. सुरुवातीला निम्मे चुकले तरी चालतील.

आता उच्चार. यात मराठवाड्यातल्या माणसाकडे एक शिदोरी आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. या भागात मराठीबरोबर दखनी-उर्दू कानावर असतेच. उर्दूतला नून गुन्ना, म्हणजे ‘नहीं’, ‘मैं’, ‘यहाँ’ यांच्या शेवटी नाकात विरणारा स्वर, हाच फ्रेंचचा अनुनासिक स्वर. मराठीत ‘बंद’ म्हणताना आपण पूर्ण न उच्चारतो, जीभ दातांना लागते. फ्रेंच ‘बों’ म्हणताना जीभ कुठेच लागत नाही. आणि हा फरक नुसता नजाकतीचा नाही. ‘बों’ म्हणजे चांगला, ‘बॉन’ म्हणजे चांगली. शेवटी न लागला की पुल्लिंगाचं स्त्रीलिंग झालं.

तसाच र. फ्रेंच र जिभेच्या टोकाचा नाही, घशाचा आहे. ‘बाग़’, ‘ग़रीब’ यांतला ग़ नीट म्हणता येत असेल तर निम्मं काम झालं. त आणि प यांच्या मागे तोच र ख़ कडे झुकतो : ‘त्रे’, म्हणजे ‘फार’, बोलताना ‘त्ख़े’सारखं ऐकू येतं. ज्यांच्या घरात उर्दू बोलतात त्यांनी तर हा धडा दोन दिवसांत संपवावा.

आणि आपले त, प, क. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प मागे हवा येते, फ्रेंचमध्ये येत नाही, मराठीत येत नाही. फ्रेंच त दंत्य आहे, आपल्या ‘ताट’मधला. मग क्लासमधली मंडळी ‘टेबल’च्या धाकानं ‘टाब्ल’ का म्हणतात? कारण पुस्तक इंग्रजीतलं असतं आणि आपण इंग्रजीच्या दारातून आत शिरतो. शब्द आहे ‘ताब्ल’. मराठी तोंडानंच म्हणा.

एक स्वर मात्र आपल्याकडे नाही, उर्दूतही नाही. तो असा काढायचा : ‘ई’ म्हणा, लांबवा, जीभ आहे तिथेच ठेवा, आणि फक्त ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. आरशासमोर करा. जीभ मागे सरकली की नुसता ‘ऊ’ होतो आणि अर्थ पालटतो. ‘वर’ आणि ‘खाली’ यांचे फ्रेंच शब्द एवढ्या एका स्वरानं वेगळे होतात. देवनागरीत दोन्ही ‘दसू’च लिहावे लागतील. म्हणून सांगणं आहे, वहीत फ्रेंच शब्द देवनागरीत लिहू नका. इथे बोलताना सोय म्हणून ठीक आहे. घरी मूळ स्पेलिंग लिहा आणि शब्द मोबाईलवर ऐका. देवनागरीतली वही दोन महिने हात देते आणि पुढे दोन वर्षं उच्चार बिघडवते.

व्याकरणाला उगाच घाबरू नका. ‘निर्जीव वस्तूला लिंग कसलं?’ हा प्रश्न इंग्रजी माणसाचा आहे. आपल्याकडे खुर्ची ती, पंखा तो, कपाट ते. फ्रेंचमध्ये दोनच लिंगं आहेत. मात्र मराठीचं लिंग तिकडे न्यायचं नाही : चंद्र आपल्याकडे तो, तिकडे ‘ला ल्यून’, म्हणजे ती. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करायचं नाही, त्याच्या आधी येणारा, लिंग दाखवणारा ‘ल’ किंवा ‘ला’ हा शब्दाचाच भाग समजायचा. हे पहिल्या दिवसापासून केलं नाही तर हजार शब्द पुन्हा पाठ करायची वेळ येते.

‘मी गेलो’, ‘मी गेले’ हा भेद फ्रेंच लिहिताना जसाच्या तसा आहे, बाईनं लिहिताना शेवटी एक अक्षर वाढतं. ‘आंबा खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’ असं कर्माप्रमाणे बदलणंही आहे, पण अट अशी की कर्म क्रियापदाच्या आधी आलं पाहिजे. ‘मी खाल्लेली पोळी’ या धर्तीच्या वाक्यात बदलतं, ‘मी पोळी खाल्ली’ या सरळ वाक्यात बदलत नाही. मराठी माणूस सगळीकडेच बदलून टाकतो. तू आणि तुम्ही यांच्या जागी ‘त्यू’ आणि ‘वू’ आहेत. फक्त वडिलांना आपण अहो-जाहो करतो, तिथे आज बहुतेक घरांत आई-वडील दोघांनाही ‘त्यू’च म्हणतात.

कॅनडाला जाण्यासाठी शिकणाऱ्यांचं थोडक्यात. एक्स्प्रेस एंट्री म्हणजे कॅनडात कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करायची पद्धत. तिच्या सध्याच्या नियमांत फ्रेंचच्या चारही कौशल्यांत कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरचा सातवा स्तर आणि जोडीला इंग्रजीचा पाचवा स्तर असेल तर 50 जादा गुण मिळतात, इंग्रजी त्याहून कमी असेल तर 25. हा सातवा स्तर म्हणजे ढोबळमानानं बी-2, युरोपीय मोजपट्टीच्या ए-1 ते सी-2 या सहा पायऱ्यांतली चौथी. इथे दोन चुका महागात पडतात. पहिली, देल्फ या फ्रान्स सरकारच्या फ्रेंच परीक्षेचं प्रमाणपत्र घेऊन बसणं : एक्स्प्रेस एंट्रीला टेफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा ही परीक्षा लागते. दुसरी, परीक्षा फार लवकर देणं, कारण तो निकाल दोनच वर्षं चालतो. देल्फ आयुष्यभर चालते. देल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकी 25 गुणांचं, 50 ला पास. पण एकाही भागात 5 च्या खाली गेलात तर एकूण 70 असूनही नापास. लातूर पॅटर्नच्या शिस्तीत वाढलेली मुलं लेखी भागात भराभर गुण घेतात आणि बोलण्यात अडकतात. तीच शिस्त तोंडाला लावा : रविवारी लेखी चाचणीऐवजी पाच मिनिटं बोलून रेकॉर्ड करा आणि मागच्या रविवारचं शेजारी ठेवून ऐका.

आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानदेवांचा हरिपाठ शार्लट व्होदव्हील या विदुषीनं फ्रेंचमध्ये नेला, तो 1969 साली प्रसिद्ध झाला. ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषा कशी घडली यावर मोठा ग्रंथ लिहिला तोही फ्रेंचमध्ये, आणि त्याचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे, म्हणजे ताडून बघायची सोय झाली. ज्याला संध्याकाळी हरिपाठ म्हणायची सवय आहे त्याच्याकडे अर्थ आधीच आहे, फक्त फ्रेंच शब्द त्यावर बसवायचे. असं वाचनापुरतं शिकायचं असेल तर बोलण्याचा सराव जवळजवळ सोडून दिला तरी चालेल. बोलण्यात न येणारा, फक्त ग्रंथात भेटणारा एक भूतकाळ मात्र शिकावा लागेल. बोलायला शिकणाऱ्यानं त्याच्याकडे बघूसुद्धा नये. रोज तासभर दिला तर सहा-सात महिन्यांत शब्दकोश शेजारी ठेवून पान सुटायला लागतं.

वेळेचा हिशोब. ए-1, म्हणजे पहिल्या पायरीला, साधारण 100 ते 120 तास लागतात. रोज 45 मिनिटं धरली तर पाच महिने. बी-2 पर्यंत सगळे मिळून 550 ते 650 तास. रोज एक तास दिला तर कागदावर वीस महिने होतात, पण सणवार, पेरणी, आजारपण धरून सव्वादोन वर्षं मनात ठेवा. आठवड्याला एकदम पाच तास बसण्यापेक्षा रोजची 45 मिनिटं बरी, कारण दोन बैठकांमध्ये सहा दिवस गेले की पुढच्या बैठकीचा निम्मा वेळ मागचं आठवण्यात जातो.

त्या 45 मिनिटांतली पहिली पंधरा ऐकायला द्या, पुस्तक न उघडता. मग वीस मिनिटं नवं, त्यात दहाच शब्द, ‘ल’-‘ला’सकट. शेवटची दहा मिनिटं काल, चार दिवसांपूर्वी आणि पंधरा दिवसांपूर्वी केलेले शब्द झाकून मोठ्यानं म्हणायचे. घरात माणसं असली तरी मोठ्यानंच म्हणा. मनातल्या मनात म्हटलं की घशाचा र निघत नाही. आणि वहीच्या पहिल्या पानावर आपलं ते एक वाक्य लिहून ठेवा. त्यातला महिना उलटून गेला तर खोडून नवा महिना घाला, पान फाडू नका.