शंभर रुपयांची कपात आणि अर्ध्या आण्याचा दंड

मंडळी, विषय जाहीर झालाय तो असा : ‘मंदीच्या काळातला असेंब्लीचा सभासद नेमकं काय करू शकत होता?’ मंदी म्हणजे 1929 नंतरची जागतिक मंदी, आणि असेंब्ली म्हणजे ब्रिटिश अमलातलं दिल्लीचं मध्यवर्ती कायदेमंडळ. त्याचं उत्तर माझ्या दृष्टीने एका कायद्याच्या, 1936 च्या वेतन कायद्याच्या, तीन-चार कलमांत आहे. तिथपर्यंत पोहोचायचंच आहे. पण त्याआधी एक तक्रार मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय विषयाची जागा कळणार नाही.

आपल्याला दिल्लीच्या असेंब्लीतला एकच दिवस पाठ असतो, 8 एप्रिल 1929. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी गॅलरीतून बॉम्ब टाकला, पत्रकं उधळली आणि स्वतःला अटक करवून घेतली. हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण त्या क्षणी खाली सभागृहात काय चाललं होतं? ट्रेड डिस्प्यूट्स बिलावरचं मतदान संपून निकाल जाहीर झाला होता, आणि परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्याच्या पब्लिक सेफ्टी बिलावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आपला निर्णय सांगायला उठत होते. ट्रेड डिस्प्यूट्स बिल म्हणजे संपाला वेसण. सहानुभूतीचे संप बेकायदा, आणि रेल्वे, टपाल, पाणी, वीज अशा सेवांत 14 दिवसांची सूचना दिल्याशिवाय काम बंद केलं तर शिक्षा. गिरणगाव नुकतंच 1928 च्या सहा महिन्यांच्या संपातून बाहेर आलं होतं. म्हणजे ज्या कायद्याच्या निकालावर तो आवाज झाला, तो थेट परळ-लालबागच्या माणसाचा कायदा होता. बॉम्ब आपण लक्षात ठेवला आणि बिल विसरलो. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती जुनी आहे आणि तिला माझ्यापुरतं उत्तर मिळालेलं नाही.

आता सभागृहाची रचना. एकूण सभासद 145. त्यांत निवडून आलेले 104 : 52 सर्वसाधारण, 30 मुस्लिम, 2 शीख, 9 युरोपियन, 7 जमीनदार, 4 हिंदी व्यापारी संस्थांचे. उरलेले 41 सरकारने नेमलेले, त्यांतले 26 तर सरकारी अधिकारीच. हे 26 जण भाषण ऐकून मत बदलणारे नव्हते. हुकूम आला की एकगठ्ठा मतदानाच्या लॉबीत. नेमलेले 41 आणि युरोपियन 9 धरले की सरकार 50 पासूनच मोजायला सुरुवात करी. सगळे हजर असतील तर जिंकायला 73 लागतात. म्हणजे उरलेल्या 95 जणांतले 73 विरोधकांनी जमवायचे, आणि त्या 95 मध्ये सर्व धर्मांचे, सर्व प्रांतांचे, सर्व हितसंबंधांचे लोक. तरीही सरकार हरत असे. वारंवार हरत असे.

हरून काय होई, हे 1931 च्या उदाहरणाने सांगतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मंदी म्हणजे काय हे त्या दोन-अडीच महिन्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक घ्या, जुलै 1914 म्हणजे 100. 1929 मध्ये तो 141 होता, 1931 मध्ये 96, आणि 1933 मध्ये 87. शेतमाल सर्वांत जास्त कोसळला. शेतसारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचं व्याजही रुपयांत ठरलेलं. कापसाचा भाव निम्म्यावर आला म्हणजे तोच सारा भरायला दुप्पट कापूस विकायचा. वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

त्यात रुपयाचा दर. 1927 मध्ये याच असेंब्लीत तो 1 शिलिंग 6 पेन्स ठरला, तोही अगदी निसटत्या मतांनी. मुंबईच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं 1 शिलिंग 4 पेन्स ठेवा. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी चलन आयोगात भिन्नमतपत्रिका जोडली होती ती याचसाठी. दोन पेन्सांनी काय बिघडतं, असं वाटेल. हिशोब करून बघू. पौंडाचे 240 पेन्स, शिलिंगाचे 12; रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै. 1 पौंड किमतीचा कापूस लिव्हरपूलला विकला. 1 शिलिंग 4 पेन्सच्या दराने हातात येतात 15 रुपये. 1 शिलिंग 6 पेन्सच्या दराने येतात 13 रुपये 5 आणे 4 पै. फरक 1 रुपया 10 आणे 8 पै, म्हणजे नववा हिस्सा. भाव आधीच पडलेला, त्यातून हा नववा हिस्सा वरच्या वर गेला. आयात मालाला मात्र हाच दर सोयीचा, आणि लंडनला पाठवायच्या होम चार्जेसनाही, म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या तिकडच्या देण्यांनाही. म्हणून सरकारने त्या दोन पेन्सांसाठी सगळी ताकद लावली.

21 सप्टेंबर 1931 ला ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडलं, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली ठरलेली सांगड तोडली. असेंब्लीचं अधिवेशन तेव्हा सिमल्यात चालू होतं. सरकारी बाकांवर अर्थसदस्य, म्हणजे व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थखातं सांभाळणारे, जॉर्ज शुस्टर, जे 1929 च्या त्या दिवशीही तिथेच बसले होते. वटहुकूम निघाला की ठरल्या दराने सोनं किंवा स्टर्लिंग (ब्रिटिश पौंड) विकायला सरकार आता बांधील नाही. याचा अर्थ रुपया मोकळा झाला, दर आता बाजार ठरवणार. आणि त्याच दिवशी लंडनमध्ये भारतमंत्री सॅम्युअल होअर यांनी जाहीर केलं की रुपया स्टर्लिंगला 1 शिलिंग 6 पेन्सनेच बांधलेला राहील. सिमल्याला एक, लंडनला दुसरं! तीन दिवसांत, 24 तारखेला, पहिला वटहुकूम मागे घेऊन दुसरा काढावा लागला. अर्थसदस्याला आणि अख्ख्या हिंदुस्थान सरकारला लंडनने जागा दाखवून दिली होती, आणि समोर बसलेल्या सभासदांना ते दिसत होतं. आपल्याला अधिकार नाही हे त्यांना ठाऊकच होतं. समोरच्या बाकांवरच्यांनाही नाही, हे त्या आठवड्यात उघडं पडलं.

पुढच्याच आठवड्यात, 29 सप्टेंबरला, शुस्टर यांनी पुरवणी अंदाजपत्रक आणलं. बहुतेक करांवर 25 टक्के अधिभार. मिठावरचा कर मणामागे 1 रुपया 4 आणे होता तो 1 रुपया 9 आणे. प्राप्तिकराची सूट 2000 रुपयांवरून 1000 वर, म्हणजे महिना 84 रुपये मिळवणारा कारकूनही जाळ्यात. यंत्रांवर 10 टक्के जकात, परदेशी कापसावर पौंडभर वजनाला अर्धा आणा. दोन पैशांचं कार्ड तीन पैशांना, एक आण्याचं पाकीट पाच पैशांना. सरकारी पगारात 10 टक्के कपात. आणि हे सगळं एकदम अठरा महिन्यांसाठी, मार्च 1933 पर्यंत.

यंत्रांवरच्या जकातीकडे जरा बघा. एकीकडे गिरण्यांना सांगायचं की जपानशी टक्कर द्या, यंत्रं नवी करा. दुसरीकडे त्याच यंत्रांवर नवी जकात. परदेशी लांब धाग्याचा कापूस घेऊन मुंबईच्या गिरण्या तलम सूत काढू लागल्या होत्या, त्याच्यावरही कर. लँकेशायरच्या तलम मालाशी स्पर्धा करणारा नेमका तोच माल. सभागृहातल्या मुंबईकरांना हे एका वाचनात कळलं असणार.

सभेने ते विधेयक सरकारला हव्या त्या स्वरूपात मंजूर करायला नकार दिला. मग व्हाइसरॉय विलिंग्डन यांनी 1919 च्या कायद्याचं कलम 67 ब वापरलं. त्याची पद्धत अशी : हे विधेयक ब्रिटिश हिंदुस्थानच्या हितासाठी आवश्यक आहे, असं व्हाइसरॉय प्रमाणित करतो. मग ते कौन्सिल ऑफ स्टेटपुढे, म्हणजे वरच्या सभागृहापुढे जातं. तिथे सरकारला अडचण नसते. त्यांची संमती झाली की सही, आणि कायदा तयार. असेंब्लीने काय म्हटलं याने फरक पडत नाही. अनुदानाच्या मागण्यांची, म्हणजे खात्यांच्या खर्चासाठी सभेकडे मागितलेल्या रकमांचीही तीच गत. लष्कर, कर्जावरचं व्याज, भारतमंत्र्याने नेमलेल्यांचे पगार यांवर मतदानच नाही. आणि ज्यांवर मतदान होतं ती नाकारली तरी सरकार कलम 67 अ खाली परत भरून काढी. 1935 मध्ये भुलाभाई देसाई, सत्यमूर्ती, गोविंद वल्लभ पंत, आपले काकासाहेब गाडगीळ असा काँग्रेसचा भरभक्कम पक्ष आला, लोकनायक अणे वेगळ्या पक्षाचे नेते म्हणून होते, जीना स्वतंत्र गटाचे. तरी त्या वर्षीचं वित्त विधेयकही असंच सर्टिफाय झालं.

मग हे लोक तिथे बसत कशासाठी? असेंब्लीवर बहिष्कार टाका म्हणणाऱ्यांचा हा प्रश्न खरा होता, आणि त्याला भाषणांनी उत्तर देता येत नाही.

सभासदाच्या हातात काही हत्यारं होती. ‘शंभर रुपयांची कपात’ इथे किती जणांनी ऐकली आहे? हात वर करा. बरेच आहेत, आनंद वाटला. मागणी लाखांची असते. तीत फक्त 100 रुपये कमी करा, अशी सूचना. पैसे वाचवायचे नसतात; त्या खात्यावर तास-दोन तास चर्चा घडवायची असते. दुसरं, तहकुबी सूचना, म्हणजे ठरलेलं काम थांबवून तातडीचा विषय चर्चेला घ्या अशी सूचना. प्रश्नोत्तरं झाली की परवानगी मागायची. कुणी हरकत घेतली तर 25 सभासदांनी उभं राहायचं. 24 उभे राहिले तर सूचना गेली. 25 झाले की दुपारी 4 वाजता चर्चा. म्हणून पक्षाच्या प्रतोदाचं खरं काम सकाळी अकराचं. माणसं वेळेवर बाकावर हवीत. तिसरं, उपप्रश्न. मूळ प्रश्नाचं उत्तर खातं लिहून देतं, पण उपप्रश्नाला समोरच्या माणसाला उभ्या उभ्या बोलावं लागतं. सत्यमूर्तींचा दरारा होता तो यामुळे.

पण या सगळ्यांहून मोठं एक काम होतं, ते खाजगी विधेयकाचं, म्हणजे सरकारने नव्हे तर सभासदाने आणलेल्या विधेयकाचं, आणि विधेयकाची कलमवार छाननी करणाऱ्या सिलेक्ट कमिटीचं. घड्याळ बघतोय, वेळ कमी उरलाय. जाहीर केलेला मुद्दा आता भराभर सांगतो.

ना. म. जोशी. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे. 1921 पासून असेंब्लीत, निवडून नव्हे तर सरकारने नेमलेले, कारण कामगारांना मतच नव्हतं. वर सांगितलेल्या 41 मधले हे एक, पण मत सरकारच्या विरोधात द्यायला कधी कचरले नाहीत. 1921 मध्ये त्यांनी ट्रेड युनियनच्या कायद्यासाठी ठराव आणला. कायदा झाला 1926 मध्ये. 1924 मध्ये प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं, ते पडलं. पण 1929 मध्ये मुंबई इलाख्याने स्वतःचा कायदा केला. विधेयक पडलं म्हणून ते वाया गेलं, असं कृपा करून म्हणू नका.

आता वेतनाचा कायदा. गिरणीत पगार महिन्याचा, आणि हातात पडायचा पुढच्या महिन्याच्या मध्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि पठाण सावकाराचं व्याज. कापडात दोष निघाला की ते कापड विणकराच्या माथी, किंमत पगारातून वजा. आणि ‘डबल खाडा’ : एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. 1925 मध्ये दर आठवड्याला पगार मिळावा म्हणून एक खाजगी विधेयक आलं. सरकारने विचार करू म्हटलं, विधेयक मागे घेतलं गेलं. सरकारने चौकशी केली. 1929 मध्ये कामगारांच्या स्थितीची पाहणी करणारं व्हिटली कमिशन नेमलं, जोशी त्याचे सभासद. 1931 मध्ये अहवाल. 1933 मध्ये सरकारी विधेयक. 1934 मध्ये असेंब्ली विसर्जित, विधेयक बाद. 1935 मध्ये पुन्हा पहिल्यापासून. 1936 मध्ये मंजूर, 28 मार्च 1937 पासून लागू. ऐन मंदीत, मालक पगार कापत होते त्याच वर्षांत हा कायदा पुढे सरकत होता, हे ध्यानात घ्या.

त्यात काय आहे? पगाराचा कालावधी एक महिन्याहून मोठा नको. हजाराहून कमी कामगार असतील तर कालावधी संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत पगार, त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नाही. म्हणजे 40 रुपयांच्या विणकराला महिन्यात फार तर 1 रुपया 4 आणे. 15 वर्षांखालच्या मुलाला दंडच नाही. दंड 60 दिवसांत वसूल करायचा, हप्त्याने नाही, आणि तो पैसा मालकाचा नव्हे, कामगारांच्या हितासाठीच खर्चायचा. गैरहजेरीची कपात गैरहजेरीइतकीच. या शेवटच्या वाक्याने डबल खाडा कायद्याबाहेर गेला.

पण त्याच कलमाला मालकांच्या बाजूचं एक शेपूट आहे. दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, सूचना न देता, वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तर करारात तशी अट असल्यास प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येईल. 1929 च्या बिलातली सूचनेची अट इथे मागच्या दाराने आली. साप्ताहिक पगारही मिळाला नाही, महिन्याचाच राहिला. आणि 200 रुपयांहून कमी वेतनवाल्यांनाच संरक्षण. जे मिळालं ते असं देवघेवीतून मिळालं.

मजकूर किती टिकला ते पाहायचं असेल तर 2019 ची वेतन संहिता उघडा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत. दंडाची कमाल मर्यादा 3 टक्के. रुपयामागे अर्धा आणा म्हणजे 3 टक्क्यांहून किंचित जास्त. आणि दहा कामगार, आठ दिवस, हे शेपूटही कलम 20 मध्ये तसंच आहे. ते काढण्यासाठी आज संसदेत कुणी दुरुस्ती मांडायची, तर वाट तीच आहे. आता प्रश्न घेतो. आठ दिवसांच्या कलमाबद्दल कुणाला विचारायचं असेल तर आधी ते घेऊ.