मोडशी लिहून ठेवणारा प्राध्यापक

(पडद्यावर: जुन्या छापाचं, कडा झिजलेलं पान.)

नाडी इतकी क्षीण, की बोटाला जेमतेम लागते. डोळे खोल गेलेले. अंगाला थंड घाम सुटलाय, पण रोगी म्हणतो, आत आग पेटलीय. पाणी, पाणी करतोय. पायांत गोळे येतायत. उलट्या आणि जुलाब थांबत नाहीत. कुणी दहा तासांत जातो, फार चिवट असला तर चार दिवस काढतो.

हे वर्णन १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. रोगाचं नाव दिलंय 'मोर्शी'. लिहिणारा पुढे सांगतो, इथले लोक मोर्शी म्हणतात, आम्ही पोर्तुगीज ते बिघडवून 'मोर्देशी' करतो. ही आपली मोडशी. आज मोडशी झाली म्हटलं की घरात ओवा शोधतात. त्या काळी या शब्दाने माणसाच्या काळजात धस्स होत असेल, कारण तो शब्द पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा होता. युरोपीय वैद्यकातलं आशियाई पटकीचं पहिलं नीट वर्णन म्हणून हे पान ओळखलं जातं.

लिहिणारा होता गार्सिया द ओर्ता. पणजीला चर्चसमोरच्या बागेत तुम्ही कधी टेकला असाल, तर त्याच्याच नावाच्या बागेत बसला होता.

(पडद्यावर: पोर्तुगाल, कश्तेलु द व्हिदचे दगडी रस्ते.)

जन्म १५०० च्या आसपासचा, पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या कश्तेलु द व्हिद गावातला. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू. पोर्तुगालमध्ये आले आणि तिथेही सक्तीने ख्रिस्ती व्हावं लागलं. मुलगा सालामांका आणि अल्कालाच्या विद्यापीठांत वैद्यक शिकला, परत आला, परवाना मिळवला आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. १५३३ मध्ये विद्यापीठाच्या मंडळावरही निवडून आला. जम बसला होता.

आणि पुढच्याच वर्षी, १२ मार्च १५३४ ला, तो पोर्तुगीज आरमाराचा सरदार मार्तिम आफोन्सो द सौझा याचा खासगी वैद्य म्हणून जहाजावर चढला. सप्टेंबरात गोव्याला उतरला. तो पोर्तुगालला परत गेला नाही.

का निघाला? पोर्तुगालमध्ये नवख्रिस्त्यांभोवतीचा फास आवळत चालला होता. १५३६ मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलंच. मला वाटतं, त्याला ते दिसत होतं.

(पडद्यावर: अहमदनगर, निजामशाही वास्तू. नंतर मुंबई, टाऊन हॉलची मागची बाजू.)

गोव्यात त्याची वैद्यकी चांगली चालली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह त्याचा रोगी आणि स्नेही. त्या दरबारातल्या हकिमांशी तो औषधांवर वाद घालायचा, नावं टिपून घ्यायचा. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने त्याला मुंबई बेट पट्ट्याने दिलं. आज टाऊन हॉलच्या मागे, नौदलाच्या आवारात, त्याच्या वाड्याची जागा दाखवतात. पुस्तकात एके ठिकाणी मुंबईचा त्याचा खंडकरी आंब्यांची करंडी घेऊन गोव्यात येतो. ओर्ता अभिमानाने सांगतो, माझ्या बेटावर वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं झाड आहे. मुंबईच्या आंब्याबद्दल इतक्या मायेने इतक्या आधी लिहिणारा दुसरा कुणी मला माहीत नाही.

आता ते पुस्तक. भारतातल्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. १० एप्रिल १५६३ ला गोव्यात छापून झालं. छपाईत चुका इतक्या, की शुद्धिपत्रच पानंच्या पानं चाललंय. भाषा लॅटिन नाही, पोर्तुगीज. दोन माणसं बोलतायत. एक ओर्ता. दुसरा डॉक्टर रुआनो, नुकताच युरोपातून आलेला, सालामांका-अल्कालातच शिकलेला. रुआनो काल्पनिक आहे. मी जितक्या वेळा हे संवाद वाचतो, तितक्या वेळा वाटतं, रुआनो म्हणजे लिस्बनला राहून गेलेला ओर्ता. तो सारखा गॅलनसारख्या प्राचीन ग्रीक वैद्यांचे ग्रंथ पुढे करतो आणि ओर्ता त्याला अडवतो: गॅलनची भीती मला घालू नका, मी पाहिलंय तेवढंच सांगणार. आणि एकदा मोकळेपणाने कबूलही करतो, की स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध बोलायची माझी छाती झाली नसती.

(पडद्यावर: मांडीवर सुपली, त्यात हिंग, वेखंड, आलं.)

मधेच ओर्ता हाक मारतो: अंतोनिया! ती त्याच्या घरातली गुलाम मुलगी. अमुक झाडाचा पाला आण, म्हटलं की ती तो आणते आणि मग दोन डॉक्टर त्यावर बोलत बसतात. मालुपा नावाचा हिंदू वैद्यही येतो. आपल्या उपचारांनी गुण येईना, की इथल्या वैद्यांचे उपाय करतो, असं ओर्ता स्वतः सांगतो. हिंगाबद्दल तो लिहितो, की भारतभर इतकी वापरली जाणारी दुसरी वस्तू नाही, औषधातही आणि जेवणातही.

पुस्तकाची एक प्रत कार्लुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली. १५६७ मध्ये त्याने अँटवर्पहून लॅटिन संक्षेप काढला. युरोपभर ओर्ता वाचला गेला तो असा. क्लुसियुसने संवाद काढून टाकले. त्यामुळे रुआनो गेला, आणि अंतोनियाही गेली.

(पडद्यावर: जुनं गोवं, मांडवी, संध्याकाळ.)

इन्क्विझिशन १५६० मध्ये गोव्यातही पोचलं होतं. लिस्बनला एकदा तुरुंग भोगून आलेली त्याची बहीण कातारिना इथेच राहत होती. १५६८ मध्ये ओर्ता वारला. त्यानंतर घरच्या माणसांच्या जबान्या झाल्या. त्यांत निघालं, की हा मान्यवर वैद्य मनाने शेवटपर्यंत ज्यूच होता. २५ ऑक्टोबर १५६९ ला कातारिनाला जिवंत जाळलं.

४ डिसेंबर १५८० ला ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. त्याला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.