मिठाच्या खाणीपासून मॅन बेटापर्यंत

मंडळी, नमस्कार. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. केल्ट, म्हणजे प्राचीन युरोपातले केल्टिक भाषा बोलणारे लोक, यांचं साम्राज्य कधीच नव्हतं. ना त्यांची एक राजधानी होती, ना सगळ्यांवर राज्य करणारा एखादा सम्राट. तरीही एके काळी आयर्लंडपासून आजच्या तुर्कस्तानातल्या अंकारापर्यंत केल्टिक भाषा बोलल्या जात होत्या. तलवारीचा इतिहास मी आज थोडक्यात उरकणार आहे, कारण माझा जीव त्यांच्या शब्दांत अडकलेला आहे.

केल्टांची गोष्ट बहुधा जिथून सुरू केली जाते, ते हॉलस्टाट नावाचं गाव ऑस्ट्रियात डोंगर आणि तळं यांच्या बेचक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला मिठाची प्राचीन खाण आहे. १८४६ साली खाणीचे अधिकारी योहान गेओर्ग रामसाउर यांना तिथे कबरी सापडल्या. १८६३ पर्यंत त्यांनी हजाराच्या आसपास कबरी उकरल्या. दागिने, तलवारी, बाल्टिककडून आलेला अंबर, काय काय निघालं त्यांतून! पण मला त्या माणसाचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत दिसतं. किमती वस्तू उचलायच्या आणि बाकीचं मोडून टाकायचं, असा तो काळ. रामसाउर यांनी मात्र कबरींची जलरंगात चित्रं करवून घेतली. सांगाडा कसा होता, भांडं कुठे होतं, हे आज आपल्याला कळतं ते त्या चित्रांमुळे. खुद्द खाणीत मिठानं कापड आणि चामडंसुद्धा राखलं आहे. खाणकामगारांच्या पाठीवरच्या चामडी पिशव्या आपण आजही पाहू शकतो.

हे लोक केल्ट होते का? त्यांनी स्वतःची भाषा लिहून ठेवली नाही. म्हणून सरसकट ‘हो’ म्हणणं मला घाईचं वाटतं. केल्ट ही एक वंशजमात नव्हे, तो भाषांचा गोतावळा आहे.

आणि या गोतावळ्याशी आपलं नातं आहे, फार जुनं. अलेसियाच्या वेढ्यात इ.स.पू. ५२ मध्ये रोमन सेनापती सीझरला शरण गेलेला गॉलचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, केल्ट सेनानी वेर्किंगेटोरिक्स. त्याच्या नावातलं शेवटचं ‘रिक्स’ म्हणजे राजा. जुन्या आयरिशमध्ये ‘री’, लॅटिनमध्ये ‘रेक्स’, संस्कृतात ‘राजन्’. सगळी एकाच मुळाची पालवी. केल्टिकची एक खूणही ध्यानात ठेवा. शब्दाच्या आरंभीचा मूळ ‘प’ तिथे गळून पडला. संस्कृतात ‘पितृ’, लॅटिनमध्ये ‘पातेर’, आणि आयरिशमध्ये बाप म्हणजे ‘आहिर’. ‘प’ गेला, बाप राहिला!

आता पूर्वेकडे वळू. इ.स.पू. २७९ मध्ये केल्टांच्या टोळ्या ग्रीसमध्ये डेल्फीपर्यंत धडकल्या. पुढच्याच वर्षी बिथिनियाच्या राजानं काही टोळ्यांना भाडोत्री सैनिक म्हणून आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बोलावलं, आणि त्या तिथेच राहिल्या. त्या मुलखाचं नाव पडलं गलातिया. मराठी बायबलमधलं ‘गलतीकरांस पत्र’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्या पत्राच्या नावात हा मुलूख आहे. चौथ्या शतकात होऊन गेलेले संत जेरोम नोंदवतात, की गलतीकरांची बोली जवळजवळ ट्रिअरच्या लोकांसारखीच आहे. कुठे जर्मनीतलं ट्रिअर, कुठे अंकारा! मधली सहाशे वर्षं आयाबायांनी ती बोली घरात जपली असणार.

पुढे तीही विझली. गॉलमधली भाषा लॅटिनखाली गेली. उरल्या त्या पश्चिमेच्या कडेला: आयरिश, स्कॉटिश गेलिक, वेल्श, ब्रेटन. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली कॉर्निश आणि ब्रिटन व आयर्लंड यांच्यामधल्या मॅन बेटावरची मँक्स मरून पुन्हा उठल्या. मँक्सची हकिकत मी कितीदा सांगितली तरी मला भरून येतं. १९४८ मध्ये आयर्लंडहून लोक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बेटावर गेले आणि उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांचे आवाज त्यांनी टिपून घेतले. ती भाषा जन्मापासून बोलणारे शेवटचे गृहस्थ, नेड मॅड्रेल, १९७४ मध्ये वारले. २००१ मध्ये त्याच बेटावर मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. तिथली मुलं आज मँक्समधून गणित शिकतात.