नर्सिंग होमची तपासणी : आधी बेडपाशी जा, मग फाईल उघडा

नमस्कार मंडळी. आज नर्सिंग होमच्या तपासणीबद्दल बोलायचंय, म्हणजे अंथरुणाला खिळलेली, डिमेन्शिया झालेली, एकट्याने उठता-बसता न येणारी म्हातारी माणसं जिथे कायमची राहतात ती नर्सिंग होम. तुम्ही तपासणीच्या टीमवर असाल, स्वतः असं होम चालवत असाल किंवा तुमच्या घरचं कोणी तिथे असेल, तर हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघाच.

होतं काय, बहुतेक तपासण्या ऑफिसात सुरू होतात. समोर फायलींचा गठ्ठा येतो, लायसन्स, फायरचं सर्टिफिकेट, ट्रेनिंगच्या सह्या, आणि त्यातच अर्धा दिवस जातो, मग वेळ उरला तर वॉर्डात एक चक्कर आणि तीही मॅनेजर सोबत घेऊन. माझं म्हणणं आहे हे उलटं करा. आधी बेडपाशी जा. फाईल कुठे पळून जात नाही.

एक रहिवासी निवडा, आणि तो तुम्ही निवडायचा, त्यांनी दाखवलेला नाही. ज्याला बोलता येत नाही, ज्याला भेटायला फारसं कोणी येत नाही, असा. समजा एक आजी आहेत, पॅरालिसिसमुळे उजवी बाजू गेलेली. दारातच दोन मिनिटं शांत उभं राहा आणि नुसतं बघा. पाण्याचा पेला कुठल्या बाजूला ठेवलाय? उजवीकडे असेल तर त्यांना तो घेताच येणार नाही, म्हणजे दिवसभर कोणी पाजेल तेव्हाच पाणी. बेलची दोरी हाताशी आहे की रेलिंगला गुंडाळून ठेवलीय? हाताशी असेल तर दाबा आणि घड्याळ लावा. किती वेळाने माणूस आला, आला तो नुसती बेल बंद करून गेला की आजींना काय हवंय ते विचारलं, हे लिहून घ्या.

आता सिस्टरना सांगा, आजींची परवानगी घेऊन, पडदा ओढून टाचा आणि माकडहाड दाखवा. बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने दाब येऊन होणाऱ्या जखमा, बहुतेक वेळा तिथेच सुरू होतात. लालसर डाग दिसला तर बोटाने हलकं दाबून सोडायचं, जागा पांढरी पडून परत लाल झाली तर ठीक, लालीच गेली नाही तर तो पहिल्या स्टेजचा बेडसोर आहे, कातडी फाटलेली नसली तरी. आणि सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही हो, तिथे हात लावून बघावं लागतं, आजूबाजूपेक्षा गरम आहे का, कडक लागतंय का, दुखतंय का. हे फार सुटतं, म्हणून मुद्दाम सांगतेय. एकूण चार स्टेज असतात आणि चौथ्या स्टेजला जखम स्नायू-हाडापर्यंत गेलेली असते, तिथवर जायच्या आधी कोणीतरी रोज बघायला हवं होतं ना.

एवढं बघून झालं की मग त्या आजींची फाईल मागा. कूस बदलण्याचा चार्ट बघा. दहा, बारा, दोन, चार, सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, एका दमात लिहिल्यासारख्या आहेत का? आत्ता तीन वाजलेत आणि चारची सही आधीच झालीय का? चार्ट म्हणतो डाव्या कुशीवर आणि आजी पाठीवर असं आहे का? बेडसोरचा धोका मोजायला बऱ्याच ठिकाणी ब्रेडन स्केल नावाची मार्कांची पद्धत वापरतात, ६ ते २३ मार्क, जितके कमी तितका धोका जास्त. मार्क लिहिलेले असतात पण पुढे काय केलं ते कुठेच नसतं, तर मग त्या आकड्याचा आजींना उपयोग काय झाला? वजनाचा तक्ताही बघा. गेल्या काही महिन्यांत वजन उतरत गेलंय आणि त्यावर कोणी काहीच लिहिलेलं नाही, तर जेवण भरवायला माणसं पुरतायत का हे जेवणाच्या वेळी तिथे उभं राहून बघायचं.

अशी तीन-चार माणसं नीट बघितलीत की होमचा कारभार तुम्हाला कळतो, चाळीस फायली चाळून कळत नाही.

औषधांचं थोडक्यात. चार्टवरच्या सह्या आणि स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजून जुळवा, इन्सुलिनच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंश आहे का आणि ते रोज लिहिलं जातं का ते बघा. पण खरं डोकं लावायचं ते झोपेच्या आणि शांत ठेवायच्या गोळ्यांवर. डिमेन्शियाच्या पेशंटना अँटिसायकॉटिक, म्हणजे मानसिक आजारावरची शांत ठेवणारी औषधं, दिल्याने मृत्यूचा धोका वाढतो, अशी ठळक वॉर्निंग अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच घातलीय. तरी माणूस रात्री ओरडतो, उठून फिरतो म्हणून गोळी सुरू होते आणि कोणी ती बंद करत नाही. विचारा, कोणी सुरू केली, कशासाठी, शेवटचा रिव्ह्यू कधी झाला, घरच्यांना सांगितलं का. बांधून ठेवण्याचंही तेच. बेडचे दोन्ही कठडे वर आहेत तर ते कोणी ठरवलं? भ्रमात असलेला माणूस कठड्यावरून चढायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो, किंवा कठड्याच्या फटीत अडकतो.

पडण्याचं रजिस्टर मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे ६५ च्या पुढचे २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात, मग एवढी अशक्त माणसं असलेल्या ठिकाणी वर्षभर कोरं रजिस्टर बघून मला तरी बरं वाटत नाही, मला वाटतं इथे सांगायला लोक घाबरतात. आणि नोंदी असतील तर वेळा बघा. समजा बरेचसे पहाटे बाथरूमला जाताना पडलेत, तर मग त्या वेळी ड्युटीवर किती जण होते ते शोधा, बाथरूमच्या वाटेवर दिवा आहे का, भिंतीला धरायला दांडा आहे का. नळाचं गरम पाणीसुद्धा थर्मामीटर लावून तपासा. ६० अंशाचं पाणी काही सेकंदांत गंभीर भाजतं आणि म्हाताऱ्या कातडीला त्याहून कमी वेळ पुरतो, पॅरालिसिसच्या बाजूला तर चटका कळतही नाही.

रात्री जा, न सांगता जा, शक्य असेल तर रविवारी. ड्युटी चार्टवर चार नावं आहेत तर चार चेहरे दिसायला हवेत. रात्रीच्या सिस्टरला एकटं गाठून साधं विचारा, आत्ता आग लागली तर या मजल्यावरच्या लोकांना कसं हलवणार? सगळ्यांना जिन्याने खाली नेऊ म्हणाली तर समजा ड्रिल झालेलंच नाही, कारण बेडवरची माणसं आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या, म्हणजे आग आणि धूर अडवणाऱ्या दाराच्या, पलीकडे न्यायची असतात. आणि ते फायर डोअर खुर्ची लावून उघडं ठेवलेलं असेल तर सर्टिफिकेट कितीही ताजं असो, त्याचा उपयोग नाही. रात्री दोन वाजता कोणी बिघडलं तर डॉक्टरांना थेट फोन करायची मुभा तिला आहे का, की आधी मॅनेजरला उठवावं लागतं, हेही विचारा. यावरून मॅनेजमेंट कसं आहे ते खूप कळतं. स्टाफवर मात्र आवाज चढवू नका प्लीज, दोन माणसांचं काम एकटीने करणारी बाई त्या चुकीची मालक नसते, तिला एकटं ठेवणारा असतो.

रिपोर्टमध्ये "काळजी समाधानकारक नाही" असलं लिहू नका, त्यावरून कोणी काही करू शकत नाही. कुठला बेड, किती वाजता, काय दिसलं, चार्टवर काय होतं, कोणी कधीपर्यंत नीट करायचं, आणि परत बघायला कधी येणार, असं लिहा. परत येणार ती तारीख होमला कळवायची नाही. आणि बंद पडलेली बेल, कडी-कुलूप लावलेला बाहेर पडायचा दरवाजा, चुकीच्या माणसाला चाललेली गोळी, हे रिपोर्टपर्यंत थांबत नसतं, तिथेच उभं राहून करून घ्या आणि मगच गाडीत बसा.