मगवम्प : कुंपणावर न बसलेली माणसं

मित्रहो, अमेरिकेच्या राजकारणात 'मगवम्प' असा एक शब्द आहे. कुठल्याच पक्षाला बांधून न घेणारा, तळ्यात-मळ्यात करणारा, असा त्याचा अर्थ आज लावतात. विसाव्या शतकात त्याची एक फोडही रूढ झाली: मगवम्प हा कुंपणावरचा पक्षी, त्याचं 'मग' म्हणजे तोंड एका बाजूला आणि 'वम्प' म्हणजे बूड दुसऱ्या बाजूला. ऐकायला मजा वाटते. पण हे नाव ज्यांना चिकटवलं, त्यांच्यावर हा अन्याय आहे. आज मला त्यांची बाजू मांडायची आहे.

साल 1884. रिपब्लिकन पक्षाने अध्यक्षपदासाठी जेम्स ब्लेन यांना उभं केलं. प्रतिनिधीगृहाचे सभापती असताना त्यांनी रेल्वे कंपन्यांचं भलं केलं आणि रोख्यांच्या व्यवहारात स्वतःचंही साधलं, असा त्यांच्यावर आरोप होता. प्रचार ऐन भरात असताना त्यांचं एक जुनं पत्र छापून आलं. आपल्याला निर्दोष ठरवणारा मजकूर त्यांनी स्वतःच लिहून एका व्यावसायिकाकडे पाठवला होता, त्याने तो आपल्या सहीने परत पाठवावा म्हणून. शेवटी सूचना होती: हे पत्र जाळून टाका.

ब्लेन नकोत, असं ठरवून काही रिपब्लिकन मंडळी उघडपणे डेमोक्रॅट ग्रोव्हर क्लीव्हलँड यांच्यामागे उभी राहिली. त्यांत 'हार्पर्स वीकली'चे संपादक जॉर्ज विल्यम कर्टिस होते, मार्क ट्वेन होते, कार्ल शुर्झ होते. शुर्झ यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. यादवी युद्धात ते उत्तरेच्या सैन्यात जनरल होते, आणि डेमोक्रॅट पक्ष तेव्हा दक्षिणेच्या बाजूचा समजला जाई. अशा माणसाने डेमोक्रॅटला मत मागणं म्हणजे जुन्या सोबत्यांच्या लेखी घरभेदीपणाच. क्लीव्हलँड यांच्याही खासगी आयुष्यावरून तेव्हा राळ उडाली होती. तरी सार्वजनिक पदाचा सौदा हा अधिक मोठा दोष, असं या मंडळींनी चारचौघांत सांगितलं. दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस असं करतो का?

'न्यूयॉर्क सन'चे संपादक चार्ल्स डेना यांनी 'मगवम्प' हे नाव गाजवलं. स्वतःला फार शहाणे समजणारे बडे लोक, हा त्यातला टोमणा. क्लीव्हलँड जिंकले. निकाल न्यूयॉर्क राज्यावर अडला होता आणि तिथे अकरा लाखांहून अधिक मतदानात फरक पडला जेमतेम हजार-अकराशेचा. त्याचं सगळं श्रेय मगवम्पांना देता येणार नाही. ब्लेन यांच्या सभेत एका पाद्र्याने कॅथलिकांना दुखावलं, तेही भोवलंच.

हा शब्द मुळात मॅसॅच्युसेट्सच्या आदिवासींचा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सरदार, युद्धातला म्होरक्या. जॉन एलियट या धर्मोपदेशकाने त्या भाषेत केलेलं बायबल 1663 मध्ये छापून पूर्ण झालं. त्यात हा शब्द आहे. पुढे बोलणारे उरले नाहीत आणि ती भाषा शंभरहून अधिक वर्षं कुणाच्या तोंडी नव्हती. 1990च्या दशकात तिथल्याच वाम्पानोआग या आदिवासी समाजातल्या जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा बोलती करायला घेतली, आणि त्या कामात एलियटच्या याच बायबलाचा मोठा आधार झाला. आता त्या समाजातली मुलं ती भाषा पुन्हा शिकत आहेत.