बाविसाव्या वर्षी ‘ग्रेटेस्ट हिट्स’
(नागपुरातील एका श्रोता मंडळापुढे झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि कूलरसमोरची खुर्ची मिळाली म्हणून अजून टिकून असलेल्या मित्रांनो! (हशा) मला विषय दिलाय, ‘निवडक गाण्यांच्या रेकॉर्डी : संगीत की धंदा?’ उत्तर देतो, पण आधी माझं एक जुनं गाऱ्हाणं ऐका.

ऐंशीच्या दशकात सीताबर्डीवर कॅसेट भरून देणारी दुकानं होती, आठवतात ना? आपण कागदावर यादी लिहून द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून द्यायचा. मी त्या यादीसाठी रात्र जागवायचो. सुरुवात कशानं करायची, त्यामागून काय, दोन रडकी गाणी लागोपाठ येऊ द्यायची नाहीत. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस. घड्याळ लावून एकेका गाण्याची लांबी मोजायचो. घरचे म्हणायचे, एवढं गणित शाळेत केलं असतं तर! आणि हा बहाद्दर काय करायचा? क्रमच बदलून टाकायचा. का, तर सारखी रेकॉर्ड बदलायचा कंटाळा. एका रेकॉर्डवरची सगळी गाणी एका दमात उरकायची. त्यात बाजू संपली की शेवटचं गाणं ऐन अंतऱ्यात खट्! तक्रार घेऊन गेलो तर म्हणतो, “भाऊ, मुखडा आला ना पुरा? मंग अजून काय पाहिजे?” (हशा) तुम्ही हसून राहिले, पण ते गाणं आजही कुठं लागलं की माझे कान त्या ‘खट्’ची वाट पाहतात.

तर, निवडक गाण्यांच्या रेकॉर्डीचं उदाहरण म्हणून अमेरिकी गायक जॉनी मॅथिस घेऊ. टेक्सासात जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला, उंच उडीत पटाईत पोरगा. १९५६ साली ऑलिंपिकच्या निवड चाचणीचं बोलावणं आणि कोलंबिया कंपनीचं रेकॉर्डिंग एकदमच आलं. त्यानं वडिलांचा सल्ला घेतला आणि गाणं निवडलं. १९५६ म्हणजे आपली राजधानी गेली ते वर्ष बरं का. त्याच्याकडे दोन-दोन बोलावणी, आणि आपल्याकडे होतं तेही गेलं. हिवाळी अधिवेशनावर समाधान मानून राहिलोय! (हशा, टाळ्या) तो विषय नको, त्याला दोन तास लागतात.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

मार्च १९५८ मध्ये बावीस वर्षांच्या मॅथिसची ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ निघाली. त्याची पहिली एलपी, म्हणजे बरीच गाणी मावणारी मोठी तबकडी, येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मॅथिस दौऱ्यावर, नवं रेकॉर्डिंग करायला सवड नाही, म्हणून आधी निघालेली गाणी गोळा करून रेकॉर्ड काढली. धंदाच की! कबूल. पण ही गाणी त्याआधी होती कुठं? ‘चान्सेस आर’ १९५७ ची, छोट्या तबकडीवर. ‘द ट्वेल्थ ऑफ नेव्हर’ त्याच तबकडीच्या मागच्या बाजूला. ‘वंडरफुल वंडरफुल’ नावाची त्याची एलपी होती आणि तिच्यात ते गाणंच नव्हतं! म्हणजे एलपी घेणाऱ्याला ही गाणी सलग मिळाली ती इथंच. याला शिळं ताट कसं म्हणायचं?

दुसरं, बारा गाणी. एका बैठकीत ऐका, एकाच संध्याकाळी गायल्यासारखी वाटतात. गोळा करणाऱ्यालाही कान लागतो, एवढंच मी म्हणतोय. नंतर बीटल्स आले, सगळा बाजार उलटापालटा झाला, तरी ही रेकॉर्ड ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या खपाच्या यादीत ४९० आठवडे! साडेनऊ वर्षांच्या आसपास. नुसत्या धंद्याचा माल एवढा टिकतो? पुढं कंपन्यांना चटक लागली, धड हिट नसलेल्यांच्याही ‘हिट्स’ निघाल्या, त्याचं खापर मॅथिसवर नको.

तिसरा मुद्दा आपल्याकडच्या निवडक एलपींचा. तो राहिलाच. टिपण खिशात आहे, चहाला थांबणार असाल तर वाचून दाखवतो. अध्यक्ष आता माझ्याकडे नाही, माइकच्या बटणाकडे पाहताहेत.